डाव्या दारातला आवाज

भुईगाव, वसई
७ जानेवारी २०२४

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. पाकीट फोडून तू आधी खालची सही बघितली असशील, म्हणून वरच सांगून टाकतो. मी केयूर, तुझ्या दयारामदादाचा मुलगा. उन्नतीताईच्या लग्नात तुझ्या ताटातले लाडू पळवणारा. तुझा बडोद्याचा पत्ता ताईकडून घेतला. ती म्हणाली, आत्या हल्ली फोनवर येत नाही, तिला पत्र लिही. शाळेत मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहिला त्यानंतर हे माझं पहिलंच पत्र, तेव्हा चुकलं तर पदरात घे.

कामाचं बोलतो. बाबांना यंदा पंचाहत्तर पूर्ण होतात. आमच्याकडची जुनी पिकअप तुला आठवत असेल. ताईच्या लग्नाच्या आदल्या वर्षी पापडी गावच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलेली, निळी. ती अजून आहे. खाऱ्या वाऱ्याने तिचे पत्रे खाल्ले, दोनदा इंजिन उतरवलं, तरी रोज सकाळी केळी आणि सोनचाफा भरून बाबा ती स्वतः वसईच्या बाजारात नेतात. मी विकायचं नाव काढलं की म्हणतात, "माला पन इक आनि मंग गाडी इक." आई गेल्यापासून ते घरापेक्षा त्या गाडीतच जास्त बसतात. अंगणात उभ्या असलेल्या गाडीतसुद्धा.

म्हणून ठरवलं, गाडी ठेवायचीच तर निदान तिच्यात गाणं तरी नीट लागू दे. शेजारच्या गास गावात गॉडफ्रे म्हणून माझा शाळेतला मित्र आहे, गाड्यांना साऊंड बसवतो. दोन्ही दारांत नवे स्पीकर, सीटखाली ॲम्प्लिफायर, जुना कॅसेटचा डबा काढून मोबाइल जोडता येईल असा प्लेअर, असा बेत आहे. अडचण एकच. बाबांना काय ऐकायला आवडतं तेच मला माहीत नाही. मी त्यांना कधी गुणगुणतानाही ऐकलेलं नाही. आई असती तर तिला विचारलं असतं. आता त्यांचं तरुणपण बघितलेलं तुझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

आणखी एक, लिहू की नको असं झालं होतं. घरात तुझं नाव निघालं की बाबा उठून वाडीत जातात. एवढी वर्षं झाली, का ते मला कळलं नाही. आईलाही माहीत नव्हतं. तुला राग येणार असेल तर एवढा परिच्छेद सोडून बाकीच्याचं उत्तर दे.

तुझा,
केयूर


बडोदा
१६ जानेवारी २०२४

चि. केयूर,

पोटभर आशीर्वाद. लाडू तू पळवलेस आणि ओरडा माझ्या जितेशला बसला, हेही लिहायचं होतंस.

दादाला काय आवडतं हे मला वीस वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. तुझं पत्र मी दोन दिवस उशाखाली घेऊन झोपले.

तुझा बाप गायचा रे. वाईट गायचा, पण गायचा. वाडीला पाणी सोडताना त्याचा आवाज चढला की आमची आई म्हणायची, दयाराम गायला लागला, आता केळी दोन दिवस आधी पिकतील. रेडिओवरच्या गाण्यांचं त्याला फारसं नव्हतं. त्याला वेड होतं ते मांडवातल्या गाण्यांचं. हळदीच्या दुपारी बायका समोरासमोर बसतात, एक बाजू गाण्यात विचारते, दुसरी उत्तर देते. पुरुषांना तिथे थारा नसायचा, तर हा मांडवाच्या कापडामागे लपून ऐकायचा आणि शिंकला की पकडला जायचा. उन्नतीच्या हळदीला गाणी टेप करायला माणूस त्यानेच आणला होता. आणि नेमका गाण्यांच्या वेळी आचाऱ्याचं काहीतरी संपलं म्हणून स्वतः वसईला पळाला. कन्येचा बाप, त्याला कुठली गाणी ऐकायला मिळायला.

तू सोडून दे म्हणालास त्या परिच्छेदाचं उत्तर आता देते. उन्नतीचं ठरायच्या आधी मी तिला माझ्या जितेशसाठी मागितली होती. मामाची मुलगी, रीतच आहे. दादा म्हणाला, पोरीच्या मनात नाही. मी म्हटलं, तर राहू दे. माझ्या मनात तेव्हाही काही उरलं नव्हतं. पण लग्नानंतर दादाने बोलणं टाकलं ते टाकलंच. मी मागणी घातली हेच त्याला लागलं असणार. मला त्याचा फार पस्तावा होतो. तेव्हा जीभ उचलली नसती तर माझं माहेर राहिलं असतं.

असो. तो कॅसेटचा डबा मात्र काढून टाकू नकोस. त्याच्याकडे जुन्या कॅसेट असतील, त्या वाजवायच्या कशावर? आणि फोन करू नकोस, मला त्यावर बोलणं जमत नाही. पत्रच लिही.

तुझी,
सरोजिनीआत्या


भुईगाव
४ फेब्रुवारी २०२४

ती. आत्या,

नमस्कार. हे पत्र तू खाली बसून वाच.

तुझं ऐकून कॅसेटचा डबा ठेवला. गॉडफ्रेने तो उघडून साफ केला, आतला पट्टा बदलला आणि नव्या ॲम्प्लिफायरला जोडून दिला. मग दारं उघडली. उजव्या दारातल्या स्पीकरचा कागद फाटला होता, पण तो कसाबसा वाजत होता. डाव्या दारात हात घातला तर तिथे स्पीकर होता आणि त्याला वायरच नव्हती. म्हणजे होती, पण दाराच्या बिजागरीत चेपून कधीच तुटलेली, टोकं हिरवी पडलेली. गॉडफ्रे म्हणाला, "ही आपण दहावीत होतो तेव्हापासून तुटलीय. अंकलनी एवढी वर्षं अर्धंच गाणं ऐकलंय."

मागच्या रविवारी आमच्या अंगणात काम पुरं झालं. बाबा मागे वाडीत केळीची पानं कापत होते. वाजवून बघायला काहीतरी हवं म्हणून गॉडफ्रेने पुढच्या खणात हात घातला, तर कागदांच्या खाली ताईच्या हळदीची कॅसेट. लावली. उजव्या दारातून मामीच्या बाजूच्या बायका विचारत होत्या, "मांडवाच्या दारी कोण उभी बाई, ओटीत काय ते आणिलं गो?" आणि डाव्या दारातून एकटा तुझा आवाज आला, "मांडवाच्या दारी आत्या उभी बाई, भावाचं भाग्य ते आणिलं गो." आत्या, इतका स्वच्छ की मी वळून बघितलं.

मागून कोयता पडल्याचा आवाज झाला. बाबा तिथे उभे होते.

"परत लाव," म्हणाले.

परत लावली. ते येऊन गाडीत बसले, चालकाच्या जागी नाही, डाव्या बाजूला. दाराला कान लावून कॅसेटची अख्खी बाजू ऐकली. गॉडफ्रेला वाटलं काही बिघडलंय. तो सांगायला लागला की टेप करणाऱ्याने दोन्ही बाजूंच्या बायकांना वेगवेगळे माईक दिले होते, एक डावीकडे घेतला, एक उजवीकडे. बाबा त्याला म्हणाले, "म्हंजे तिनं उत्तर दिलं व्हतं."

मग त्यांनी मला सगळं सांगितलं. लग्न झाल्यावर बाजारात जाताना हौसेने त्यांनी ती कॅसेट गाडीत लावली. इकडून प्रश्न येत होते आणि उत्तराच्या जागी काहीच नव्हतं. पुन्हा प्रश्न, पुन्हा काहीच नाही. आपल्याकडे आत्याने उत्तर दिलं नाही तर तिने त्या घराला पाठ दाखवली असं धरतात. त्यांना वाटलं, जितेशला मुलगी दिली नाही म्हणून सरू माझ्या पोरीच्या मांडवात तोंड मिटून बसली. त्यांनी ती बाजू अर्ध्यात बंद केली आणि परत कधी लावली नाही. कोणाला बोललेही नाहीत, आईलासुद्धा नाही. बहिणीची लाज चारचौघांत कशाला काढायची, म्हणून.

मागणी घातल्याचा राग त्यांना कधीच नव्हता. ती गोष्ट ते विसरलेही होते.

आत्या, ते जेवले नाहीत. तुझ्याशी बोलायचं म्हणतात. तू काय म्हणतेस ते लवकर कळव.

तुझा,
केयूर


बडोदा
१३ फेब्रुवारी २०२४

चि. केयूर,

आशीर्वाद.

एक तार तुटली म्हणून? तुझं पत्र वाचून मी सुनेला, ऋतिकाला हाक मारली आणि ती आल्यावर तिला काय सांगायचं तेच मला सुचेना. ती घाबरली, तिला वाटलं माहेरचं कोणी गेलं.

मला दादाचा राग आला आहे. तुला लिहिते, त्याला वाचून दाखवलंस तरी चालेल. एकदा विचारायचं होतं त्याने. "सरू, तू गायली का नाहीस?" एवढंच. मांडवात साठ बायका होत्या, त्यांतल्या कोणालाही विचारलं असतं तरी निकाल लागला असता. माझा घसा दोन दिवस बसला होता त्या गाण्यांनी.

पण राग टिकत नाही. मी तरी कुठे विचारलं? तुझी आई गेली तेव्हा बाराव्याला मी आले होते. अंगणात उभी राहिले. त्याने मान खाली घातली आणि मी चपला घालून परत निघाले. जायच्या आधी त्याच्या समोर बसून "माझं काय चुकलं" म्हणायला मला कोणी बंदी केली होती? दोघंही एकाच आईची, दोघंही सारखीच ताठ. वीस वर्षं वाया गेली रे. सुशीलावहिनीच्या हातचं जेवायचं राहून गेलं.

त्याला सांग, माझ्या मनात आता काही नाही. आणि म्हणावं, मला पत्र लिही. दोन ओळी लिही, अक्षर कसंही असू दे. फोन नको. हे नीट सांग, फोन नको.

आत्या


भुईगाव
३ मार्च २०२४

ती. आत्या,

नमस्कार. खरं सांगायचं तर हे पत्र मी रागाने लिहितो आहे.

तुझा निरोप बाबांना शब्दाशब्दाने सांगितला. पत्राला ते तयार झाले नाहीत. "लिहून माफी कोर्टात मागतात," म्हणाले. "बहिनीची माफी तोंडानं मागायची." दोन दिवस मनाशी काहीतरी घोकत होते. गुरुवारी संध्याकाळी आंघोळ करून पांढरा सदरा घातला, माझा मोबाइल घेतला आणि पिकअपमध्ये जाऊन बसले. ताईकडून घेतलेला ऋतिकाचा नंबर मीच लावून दिला. काच खाली होती, मी जवळच उभा होतो.

फोन उचलला गेला. बाबा म्हणाले, "सरू, मी दादा बोलतंय." पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं. मागे कुकरची शिट्टी झाली. त्यांना कळलं तूच आहेस. त्यांनी पुन्हा म्हटलं, "सरू, दादा." काहीच नाही. तिसऱ्यांदा त्यांनी नुसतं "गो सरू" म्हटलं, आणि तू फोन ठेवलास.

त्यांनी काचेतून मोबाइल मला परत दिला. मग म्हणाले, "बरोबर हाय तिचं. मी इतकी वर्सं केलं ते तिनं एकदा केलं." दुसऱ्या दिवशी गॉडफ्रेला बोलावून सांगितलं, हे सगळं काढून घेऊन जा, गाडी होती तशी कर. मी कसंबसं थांबवलं आहे.

आत्या, मनात काही नाही असं तूच लिहिलंस. मग म्हाताऱ्या माणसाने एवढं धाडस केल्यावर एक शब्द बोलायला काय झालं होतं? असं करायला नको होतंस.

केयूर


बडोदा
११ मार्च २०२४

चि. केयूर,

तुझा राग पोचला. बापाची बाजू घेतलीस ते बरं केलंस.

मला ऐकू येत नाही, केयूर. चार-पाच वर्षं कमी होत होतं, मागच्या दिवाळीपासून काहीच नाही. आधी चिमण्या गेल्या, मग कुकर, मग माणसं. डॉक्टर म्हणतात आतली शीरच सुकली. कानात यंत्र घालून बघितलं, त्यात नुसती भांडी आपटल्यासारखं होतं, म्हणून काढून ठेवलं. ऋतिकाच्या ओठांवरून मला बरंचसं कळतं, बाकीच्यांचं मी हसून निभावून नेते. माहेरी कोणाला कळवलं नाही. उन्नतीलाही, मला फोन आवडत नाही असंच सांगत आले. साठ बायकांत एकटीने उत्तर देणारी बाई बहिरी झाली, हे कुठल्या तोंडाने सांगू?

त्या संध्याकाळी ऋतिका आंघोळीला गेली होती. तिचा फोन टेबलावर थरथरायला लागला, त्यावर "भुईगाव केयूर" अशी अक्षरं आली. एरवी मी हात लावत नाही. माहेरचं नाव बघून राहवलं नाही. कानाला लावला आणि धरून बसले. वाटलं, काहीतरी लागेल. एखादा शब्द, नुसती कुजबुज तरी. काही लागलं नाही. बोलावं तर पलीकडे तूच आहेस की आणखी कोणी ते माहीत नाही, आणि बोलले तर उत्तर कळणार नाही. घाबरून ठेवून दिला. तो दादा होता हे मला तुझ्या पत्रातून कळलं. तीन वेळा हाक मारली म्हणतोस. मी तुझं पत्र ऋतिकाला वाचायला दिलेलं नाही.

आता माझं ऐक. हे दादाला सांगायचं नाही. तो मनाला फार लावून घेतो. त्याला वाटेल, मी हिचा आवाज असून ऐकला नाही म्हणून देवाने हिचे कान काढून घेतले. मग तो हेच उगाळत बसेल आणि त्यातच जाईल. तुला आईची शपथ घालते. त्याला सांग, लाइन खराब होती, आत्याला काही कळलंच नाही. एवढ्यात खोटंही फारसं नाही.

आत्या


भुईगाव
२८ मार्च २०२४

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. मागच्या पत्रात जे लिहिलं त्याची मला लाज वाटते. पाकीट पेटीत टाकल्याबरोबर परत काढता आलं असतं तर बरं झालं असतं.

शपथ पाळली. बाबांना सांगितलं, बडोद्याला रेंज नव्हती. त्यांचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. म्हणाले, "मंग मीच जातंय. तिला तिचा आवाज ऐकवतंय."

गाडी घेऊन येणार आहेत. ट्रेनने जा म्हटलं तर म्हणाले, कॅसेट ट्रेनमध्ये वाजते का? हायवेवर त्यांना एकट्याने चालवू देणार नाही म्हणून गॉडफ्रे चालवायला येतो. त्याचा ईस्टर होऊ दे, मग सात तारखेच्या रविवारी निघायचं ठरलं. मला येऊ नको म्हणाले. पोरासमोर रडायला त्यांना जड जात असेल. गॉडफ्रे रोज येऊन काहीतरी करतो आहे. इंजिनचा वेग वाढला की स्पीकरमधून बारीक शिट्टी यायची, ती त्याने अर्थिंग बदलून घालवली. बाबा त्याच्या शेजारी बसून विचारतात, "बडोद्यापर्यंत बिघडायचं नाय ना?" मला घरात बसवत नाही तेव्हा.

आत्या, मला सांगू दे त्यांना. ऋतिकाच्या फोनवर नुसतं "सांग" असं लिहून पाठव, मी आत्ता सांगतो. तुमच्या दोघांच्या मध्ये न बोललेल्या गोष्टी आधीच थोड्या झाल्यात का?

तुझा,
केयूर


बडोदा
१० एप्रिल २०२४

चि. केयूर,

आशीर्वाद. ऋतिकाकडून "सांगू नकोस" एवढंच पाठवलं होतं, आता सगळं लिहिते. दादा आला आणि गेला. त्याला काही कळलं नाही.

ते दोघे दुपारी पोचले. वेलची केळ्यांचा लोंगर, शहाळी आणि ओल्या फडक्यात बांधलेला सोनचाफा. ऋतिकाचा जिना त्या वासाने भरला. दादा किती वाळला आहे रे. दारात मला वाकू दिलं नाही, दोन्ही खांदे धरून उभा राहिला. जेवताना ऋतिका आमच्या मध्ये बसली होती. तो काही बोलला की ती तेच बोलणं फिरवून मला विचारल्यासारखं करायची. दादाच्या मिशा ओठांवर आल्यात, त्याचं मला काही वाचता येत नाही. पण निभावलं. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या त्याने.

मग मला खाली गाडीत नेऊन बसवलं, डाव्या बाजूला. गॉडफ्रे चहाला म्हणून निघून गेला, गुणी मुलगा आहे. दादाने बटण दाबलं. तू मागे ऋतिकाच्या फोनवर लिहिलं होतंस की दारावर हात ठेव, आवाज हाताला कळेल. ठेवला. पिठाच्या गिरणीच्या भिंतीला हात लावल्यासारखं थरथरलं. त्यात गाणं कुठलं आणि दळण कुठलं ते कळत नाही. तेव्हा मी हात काढला आणि गाणं मनातच म्हणायला घेतलं. बटण दाबलं तिथून मोजत, गुडघ्यावर ताल धरत. सगळी कडवी पाठ आहेत मला. मान डोलवली, हसले. दादा मधे मधे बोलत होता, डोळे पुसत होता. गाण्याचं कौतुक करत असणार. मी "हो रे दादा, हो" म्हटलं.

जाताना त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. शांत दिसला. त्याचं समाधान झालं, मला दुसरं काय हवं होतं? आता तू आयुष्यभर तोंड उघडायचं नाही.

आवाज कसा होता रे माझा? ते तू एकदा मला सविस्तर लिही.

आत्या


भुईगाव
१५ एप्रिल २०२४

चि. सरू,

अनेक आशीर्वाद. अक्षर वाईट आहे. केयूर लिहून देतो म्हणाला, मी नको म्हटलं. चौथी पास माणसाने लिहिलं आहे असं समजून वाच.

त्या रविवारी गाडीत काय झालं ते सांगतो. गाणं लावलं तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होतो. तू ताल धरलास, हसलीस. माझा जीव भरून आला. एक गाणं झाल्यावर मी कॅसेट बंद केली. मला बोलायचं होतं आणि मध्ये आवाज नको होता. भुईगावपासून पाठ करत आलो होतो ते सगळं मी तुला सांगितलं. तू "हो रे दादा, हो" म्हणालीस. मला वाटलं, सुटलो. नंतर माझं बोलणं संपलं. गाडीत काही वाजत नव्हतं, मी गप्प होतो, आणि तुझा हात गुडघ्यावर ताल धरून चालूच होता. तू मान डोलवत होतीस.

तेव्हा कळलं, सरू. फोनचंही तेव्हाच कळलं.

तुला सांगावंसं वाटलं की गाणं थांबलं आहे. तोंड उघडलं नाही. तू इतक्या मायेने ते करत होतीस की मी समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिलो. तू थांबलीस तेव्हा मी तुझ्याकडे वळून हसलो. वर आलो, चहा घेतला, निघालो.

केयूरला रागावू नकोस. त्याने शपथ मोडली नाही. मी घरी येऊन विचारलं तर पोरगा नुसता रडायला लागला.

तर गाडीत बोललो ते तुझ्यापर्यंत आलं नाही. म्हणून लिहितो. तू लिही म्हणाली होतीस, तेव्हाच ऐकायला हवं होतं.

सरू, तू माझ्या मुलीच्या मांडवात गायलीस आणि मी ते ऐकलं नाही. ऐकलं नाही ते गाडीमुळे. पण तुझ्याबद्दल वाईट धरलं ते माझ्या मनाने, त्यात गाडीचा दोष नाही. तुला मी लहानपणापासून ओळखत होतो. तू असं करणार नाहीस हे मला कॅसेट न लावता कळायला हवं होतं. तुझे यजमान गेले तेव्हा मी आलो नाही. सुशीलाच्या बाराव्याला तू अंगणात उभी होतीस, मी तुला बस म्हटलं नाही. त्या दिवशी तुला ऐकू येत होतं. तेव्हा मी एक शब्द बोललो असतो तर तो तुझ्या कानात गेला असता. आता बोलायला आलो तर तुझे कान गेले. हे मला फार लागलं आहे आणि ते लागू दे, तू माझ्यासाठी ते हलकं करू नकोस.

मी तुझ्याशी वाईट वागलो. मला माफ कर.

गाडीत तू दोनदा हो म्हणालीस, ते मी धरलेलं नाही. तू गाण्याला हो म्हणत होतीस. हे पत्र सावकाश वाच, लागतील तेवढे दिवस घे, आणि मग तुझ्या मनात असेल ते लिही. नाही असेल तर नाही लिही, मी ते वाचेन आणि पुन्हा पत्र लिहीन. फक्त काहीतरी लिही. तू काही कळवलं नाहीस तर त्याचा अर्थ मी माझ्या मनाने लावीन, आणि तो मला कधीच नीट लावता आलेला नाही.

तुझा,
दादा